ऐंशी बायका आणि एक उजवा हात

विमानातून उडी मारताना भीती वाटते का, हे मला आता कोणी विचारू नका. वाटते. पुढे? अ‍ॅरिझोनाहून मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावी परत येऊन तीन आठवडे झाले. किराणा दुकानात, देवळात, ऑफिसच्या कॅफेटेरियात हाच एक प्रश्न, आणि विचारताना बघायचं मात्र माझ्या छातीकडे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा. ज्यांना ‘या वयात हे कसले धंदे’ म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा. माझी सख्खी नणंद तेच म्हणत माझ्याबरोबर आली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी कुंदा, वय त्रेपन्न. डेट्रॉइटजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. पाच वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. हो, कॅन्सर, आमच्या अमरावतीच्या घरात अजून ‘कुंदाचं ते ऑपरेशन’ म्हणतात. उजवा स्तन गेला, त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी गेल्या. तेव्हापासून उजवा हात सुजतो. दिवसभर घट्ट बाही घालावी लागते, आणि जोराची ओढ बसली की बोटं बधिर होतात. उपचार संपल्यावर मी एका शिक्षकाला बांधून घेऊन पॅराशूटची पहिली उडी मारली, मग स्वतः शिकले. आजवर साडेपाचशे उड्या झाल्या.

आता अ‍ॅरिझोनात कसला विक्रम करायचा होता ते सांगते. ऐंशी बायकांनी पाच विमानांतून उड्या मारायच्या आणि हवेतच एकमेकींना धरून एक मोठं फूल करायचं. कॅन्सरच्या बायकांच्या उपचारांसाठी मदत गोळा करायची म्हणून हा घाट. पण नियम फार कडक. उडीआधी पंचांकडे फुलाचं चित्र द्यायचं. कोणत्या नंबरची बाई कुठे, तिचा कोणता हात कोणाच्या कशाला, सगळं त्या कागदावर. एकीचाही हात कागदाप्रमाणे नसेल तर सगळं रद्द. वेळेत जागेवर न पोचणारीला कॅप्टन काढते आणि बाकावर बसलेल्या जादा बायकांपैकी एकीला आत घेते.

मला फक्त ती जागा हवी होती. आजारानंतर सगळ्यांनी फार प्रेमाने मला बाकावर बसवलंय. ऑफिसात हलकं प्रोजेक्ट दिलं. मंडळाच्या गणपतीत मी पातेलं उचललं की चार हात पुढे यायचे, ‘काकू, तुम्ही बसा.’ पाच वर्षं बसले. आता बसणार नव्हते.

शुक्रवार

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, सुषमाताई. अमरावतीला बँकेतून रिटायर झालेल्या. तीन महिन्यांसाठी भावाकडे आल्या होत्या आणि ऐनवेळी ह्यांना कामाला बाहेर जावं लागलं. त्यांना घरात एकटं कसं ठेवायचं? “ग्रँड कॅन्यन दाखवते,” असं आमिष दाखवून मी त्यांना बरोबर घेतलं. ते कॅन्यन अजून राहिलंच आहे, याची त्या रोज फोनवर आठवण करून देतात.

फिनिक्सहून गाडीने दीड तास दक्षिणेला. दोन्ही बाजूंना तांबडी, कोरडी जमीन आणि दोन पुरुष उंचीचे निवडुंग, उत्तर येणाऱ्या पोरांसारखे हात वर करून उभे. ऑक्टोबर असून ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं वन्सं वैतागतील. त्या काच खाली करून म्हणाल्या, “एवढंच? आमच्याकडे मार्चमध्ये असतं हे.”

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याचं मोठं हँगर, आणि सावलीला लाकडी बाक. आत शिरल्यावर वन्संचं तोंड उघडं ते उघडंच. पस्तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायका, कोणी डॉक्टर, कोणी शाळेत शिकवणारी, कोणी नातवंडं मुलाकडे सोडून आलेली. सगळ्या जमिनीवर पालथ्या पडून चाकांच्या फळ्यांवरून एकमेकींकडे सरकत होत्या. “बाप्पा! हे काय चाललंय?” मी सांगितलं, हवेतली हालचाल जमिनीवर घोटून घेतात. “आणि तूही असंच लोळणार?” लोळले.

नाव नोंदवताना फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना: शरीराची काही अडचण आहे का? मी लिहिलं, नाही. वन्सं शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वाचलं आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी समजून न समजल्यासारखं केलं.

कपडे बदलायच्या खोलीत मला गंमत वाटली. आपल्याकडे असल्या खोलीत बायका भिंतीकडे तोंड करतात आणि टॉवेल दातात धरतात. इथे कोणाला कसलीच पर्वा नव्हती. कोणाचा एक स्तन नाही, कोणाचे दोन्ही नाहीत, एकीने व्रणावर वेल गोंदवून घेतलेली. मीही कृत्रिम पॅड घरीच ठेवून आले होते. एका बाजूने सपाट आहे मी. वाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं. पण सुजलेल्या हातावरची बाही मात्र मी कोपऱ्यात जाऊन चढवली. छाती उघडी टाकली आणि हात झाकला, आता बोला!

तिथेच रोझा भेटली. टेक्सासची, साठीची, मोठा ट्रक चालवते, हसली की सगळं हँगर दणाणतं. फुलात माझा नंबर सदतीस, आणि रोझा माझ्या आधीची. बायकांच्या एका रांगेच्या अगदी टोकाला मी. माझ्या उजव्या हाताने रोझाचं डावं मनगट धरायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे, पण टोकाला वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते.

जेवायला रोझाने घरून आणलेले तमाले दिले. मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले. बिनमांसाचे आमच्यासाठी वेगळे काढले होते. वन्संनी पान सोडलं, वास घेतला, घास घेतला आणि जाहीर केलं, “हे आपले पानगेच आहेत, फक्त निखाऱ्यावर न भाजता उकडलेले.” मग पिशवीतून डब्बी काढून त्यांनी रोझाच्या पानावर ठेचा वाढला. रोझाने तो चमच्याने नुसता खाल्ला आणि आणखी मागितला. त्या क्षणापासून वन्संच्या लेखी अमेरिकेत एकच शहाणी बाई होती.

शनिवार

सकाळी विमानात चढण्याआधी कॅप्टन प्रत्येकीला तपासते. आमची कॅप्टन डॉना, पूर्वी मालवाहू विमानं उडवणारी, आवाज असा की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. तिने माझे पट्टे ओढून पाहिले, खिसा चाचपला, आणि खिशातून कांदा काढला. चांगला मोठा, लाल.

“हे काय?”

मी मागे वळून पाहिलं. वन्सं बाकावरून मान हलवून सांगत होत्या, ऊन लागत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात खिशात कांदा घेतल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्यांनी मी बाथरूममध्ये असताना गुपचूप कोंबला होता. हवेत तो निसटला असता तर खालच्या कोणाचं तरी कपाळ फुटलं असतं. डॉनाने कांदा हुंगला, वन्संकडे पाहिलं आणि स्वतःच्या टेबलावर ठेवून दिला. हसली नाही. पण दिवसभर तो तिथे होता.

उडीचं वर्णन किती करू? वर नाकाला ऑक्सिजनची नळी लागते, इतकं उंच. दार उघडतं, कान बधिर होतात, आणि पुढची गेली की तुम्ही जाता. विचार करायला वेळच नसतो. आधी डोकं खाली करून फुलाच्या दिशेने झेपावायचं, मग अंग पसरून वेग कमी करायचा आणि हळूच जागेवर सरकायचं. हाताकडे बघायचं नाही, मधोमध बघायचं. हात लांब करून ओढायचं तर अजिबात नाही. स्वतः उडत तिथे पोचायचं. सव्वा मिनिटात खेळ खलास.

पहिल्या दोन उड्यांत मी वेळेत पोचले. इतर कोणी ना कोणी चुकल्या. दोन्ही वेळा उतरल्यावर बाहीच्या आत बोटांना मुंग्या येत होत्या. मी कोणाला बोलले नाही. गार पाण्याची बाटली मुठीत दाबत बसले.

तिसऱ्या उडीत फूल पूर्ण होताना मला समोर दिसत होतं. सगळ्या आत, फक्त मी उरलेली. रोझाचं मनगट समोर आलं, मी उजव्या हाताने धरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी बोटं उघडली. मला काही जाणवलंच नाही! क्षणभर मी हवेत मोकळी. मग डावा हात पुढे गेला आणि रोझाची बाही कोपराजवळ घट्ट पकडली. धरलं! ऐंशी जणी जोडल्या गेल्या. कॅप्टनने सुटायची खूण करेपर्यंत मी सोडलं नाही.

जमिनीवर नुसता जल्लोष. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, कोणीतरी वन्संनाही मिठी मारली. मीही नाचले. खरंच सांगते, त्या पाच मिनिटांत मी स्वतःला पटवलं होतं की चालून जाईल.

हँगरमध्ये मोठ्या पडद्यावर उडीचा, हवेतच घेतलेला व्हिडिओ लावला. पंच म्हणजे चष्मा लावलेली एक शांत बाई. ती एकेक हात बघत, कागदावर खूण करत पुढे जात होती. एका ठिकाणी तिने चित्र थांबवलं.

“सदतीस. डावा हात. बाहीला.”

म्हणजे विक्रम रद्द. मी उभी राहिले. “सदतीस मी,” म्हणाले, आणि सगळं सांगितलं. काखेतल्या गाठी, सूज, बधिर बोटं. सांगताना आवाज फाटला, त्याची मला लाज नाही वाटली. सांगायला एक दिवस उशीर झाला, त्याची वाटली.

डॉनाने विचारलं, “फॉर्मवर काय लिहिलंस?”

“अडचण नाही.”

“इथे निम्म्या जणींचं काही ना काही कापलेलं आहे. तुझ्या हाताचं मला काहीच नाही. पण वर त्या हाताच्या भरवशावर रोझा असते. तू सुटून तिच्यावर आदळली असतीस तर? उद्या तू बाकावर.”

तिने आवाजसुद्धा चढवला नाही. आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं, त्याचाच मला जास्त राग आला.

रविवार

माझ्या जागी दुसरी गेली. मी वन्संशेजारी बाकावर बसून मान वर करून बघत राहिले. आधी निळ्या आभाळात काहीच नसतं, मग मुंग्यांएवढे ठिपके, मग ते जवळ जवळ सरकतात. त्या दिवशीच्या उड्याही फसल्या. आणि मी इतकी नीच, की मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग ढसाढसा रडू आलं.

वन्संनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, “झालं रडून? हात बरा झाला का?”

“तुम्हाला नाही कळायचं, वन्सं.”

“काऊन नाही कळायचं? इंग्रजी येतं मला. फॉर्मवर खोटं काऊन लिहिलंस?”

“खरं लिहिलं की माणसं हातातला ग्लाससुद्धा काढून घेतात. तुम्हीच घेता. आल्यापासून मला घरात बादली उचलू दिली नाही तुम्ही.”

त्या जरा वरमल्या. पण वन्संचं वरमणं फार वेळ टिकत नाही. “बरं, चुकलं माझं. आता ऐक. तीस वर्षं काउंटरवर बसले मी. फॉर्म चुकला म्हणून माणसाला कोणी जन्माचं घरी नाही पाठवत. दुसरा फॉर्म देतात. जा, दुसरा फॉर्म माग.”

“असं नसतं इथे.”

“मागितलास का? भाजीवाल्याशी दोन कोथिंबिरीच्या काड्यांसाठी भांडणारी तू, आणि इथे मुकाट बसलीस! मला काय तुझं रडणं बघायला आणलंस का एवढ्या लांब?”

राग आला की माझी अक्कल चालते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मी डोळे पुसले. डॉनाच्या टेबलावर फुलाचं चित्र पडलं होतं, ते मी नीट बघितलं. फुलाचा डावा अर्धा भाग उजव्याच्या उलटा. उजवीकडच्या रांगांच्या टोकाच्या बायका उजव्या हाताने धरतात. डावीकडच्या टोकाच्या, डाव्या!

“डॉना, माझा डावा हात गाडी ओढेल इतका चांगला आहे. मला त्या बाजूला टाक.”

“सगळा सराव उजव्या बाजूचा केलायस. एका रात्रीत उलटं येईल?”

“येईल.”

“आणि तिथल्या बाईने का उठावं?”

मी तिथली बाई शोधली. नंबर अठ्ठावन्न, एमी नावाची शाळाशिक्षिका, जेमतेम चाळिशीची. तिला सगळं खरं खरं सांगितलं. ती म्हणाली, “माझी आई याच आजारात गेली. माझे दोन्ही खांदे ठणठणीत आहेत. घे माझी जागा, मी तुझी घेते.”

डॉनाने माझ्या जागी गेलेलीला परत बाकावर पाठवलं, फुलाच्या चित्रासाठी नवा कागद काढला, पण आधी माझ्यासमोर फॉर्म टाकला. मी त्या रकान्यात चार ओळी लिहिल्या, खालची जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. तिने वाचलं. “उद्या वारा वाढायच्या आत दोन उड्या मिळतील. पहिलीत तू वेळेत पोचली नाहीस, तर दुसरीत बाकावरची जाईल. मग माझ्याकडे यायचं नाही.”

“नाही येणार,” मी म्हणाले.

सोमवार

उजाडताच मोटेलच्या पार्किंगमध्ये सराव. वन्सं साडीवर स्वेटर घालून, स्पोर्ट्स शूज चढवून, उजवा हात पसरून उभ्या. त्या माझ्या नव्या शेजारणीच्या जागी. मी लांबून वाकून पळत यायचं, उलट्या बाजूने वळायचं, आणि डाव्या हाताने त्यांचं मनगट धरायचं. पहिल्या दहा वेळा मी सवयीने उजवीकडेच गेले.

“डावीकडे, डावीकडे! वाढताना मीठ कुठे वाढतेस?”

“डावीकडे.”

“मग तिकडून ये!”

पंधराव्या वेळेला बसलं. एक ट्रकवाला कॉफी घेऊन थांबला आणि त्याने वन्संना विचारलं, सगळं ठीक आहे ना. वन्संनी पसरलेला हात न हलवता त्याला इंग्रजीत सुनावलं, “आम्ही कामात आहोत.” तो कॉफी सांडत निघून गेला. चाळीस वेळा तरी केलं असेल आम्ही. वन्संचा हात भरून आला, पण त्यांनी खाली घेतला नाही.

पहिल्या उडीत मी वेळेत पोचले. मीठ वाढतात तिकडून गेले, डाव्या हाताने मनगट धरलं, आणि ते असं धरलं की खाली आल्यावर शेजारीण मनगट चोळत होती. पण दुसऱ्या बाजूला दोघीजणी खाली घसरल्या, म्हणजे उडी वायाच. वारा वाढत चालला होता. धावपट्टीजवळचा, वारा दाखवणारा कापडी मोजा फडफडायला लागला होता. आता शेवटची. जाता जाता डॉना माझ्यासमोर थांबली, खिसा चाचपला, काही सापडलं नाही, आणि पुढे गेली. जागा माझीच होती.

वर गार, निळं, रिकामं. दारातून बाहेर, डोकं खाली, मग अंग पसरलं. मधोमध नजर. गुलाबी, जांभळे, पिवळे सूट एकाला एक लागत होते. मी थांबले, थांबले, हात लांब करायचा मोह गिळला, आणि उडत उडत गेले. डावा हात, मनगट. मूठ मिटली. उजवा हात बाजूला वाऱ्यात बधिर लोंबत होता; असू दे, त्याला कागदावर काही काम नव्हतं. ओढ अशी होती की खांदा उखडतोय असं वाटलं. कॅन्सरला, बाकाला, त्या चार पुढे येणाऱ्या हातांना, सगळ्यांना मी तोंडभर शिव्या घातल्या. वऱ्हाडी शिव्या आहेत, इथे लिहीत नाही. खूण झाली तेव्हाच सोडलं.

खाली या वेळी कोणी नाचलं नाही. शनिवारी माझ्यामुळे तोंड पोळलं होतं सगळ्यांचं. हँगरमध्ये गेलो. वन्सं माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, रोझा मागे. चष्मेवाली बाई एकेक हात बघत गेली. सदतीसला तिने खूण केली. एमीने चोख धरलं होतं. पन्नास. पंचावन्न. मग तिने चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं, आणि चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेली. वन्संनी माझा दंड धरला.

“अठ्ठावन्न,” ती म्हणाली. “डावा हात. मनगट. बरोबर.”

पुढचे एकवीस नंबर मला ऐकू आले नाहीत. एवढंच ऐकलं, “ऐंशी. बरोबर,” आणि मग छप्पर उडेल असा कल्ला झाला. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. माझा उजवा हात काही केल्या वर येईना, एका हाताने टाळी कशी वाजवणार? म्हणून मी डाव्या हाताने वन्संच्या पाठीत थाप हाणली.

“हळू गं!” त्या ओरडल्या. “मोडशील मला!”

मी आणखी एक हाणली.